मन लावून पाडणारा माणूस

गावोगाव एसटीडीची पिवळी खोकी आली आणि दुकानांच्या दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या, त्या काळाच्या शेपटाला आमच्या दुकानात चार कॉम्प्युटर आले. दिंद्रुडच्या निम्म्या लोकांना वाटलं, आप्पांनी पोरीच्या हट्टापायी डोकं गहाण टाकलं. उरलेल्या निम्म्यांना तशी खात्रीच होती.

आप्पा म्हणजे माझे वडील. किराणा दुकान, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना आवाज कधी चढलेला नाही. घरातला चढणारा आवाज सगळा माझ्या वाटणीला आला होता. मी औरंगाबादहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन दिवाळीत परत आले आणि क्लास काढायचा म्हणून हटून बसले. जागा एकच होती, दुकानाची पुढची खोली. रस्त्याला लागून, पक्क्या स्लॅबची, कोरडी ठणठणीत. पावसाळ्यात साखर आणि गहू तिथेच राहायचे, कारण मागची खोली पत्र्याची होती आणि तीन ठिकाणी गळायची.

आप्पांनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, "पोती मागं नेऊ. पण मिरगापस्तोर. तवर तुझ्या डब्यांनी काय ते करून दाखवावं. न्हाईतर पोती म्होरं येतील आन् डबे मागं जातील. साखर भिजवून जमायचं न्हाई, बाई."

ते मला 'बाई' म्हणत. चिडले असले तर 'बाईसाहेब'.

मार्चपर्यंत क्लासला अकरा विद्यार्थी झाले. त्यातले सात जण फक्त पंख्याखाली बसायला येत. मृग जवळ येत चालला होता आणि आप्पा येताजाता खोलीच्या भिंतींकडे बघत, पोती कुठं कशी लावायची याचा अंदाज घेतल्यासारखे. तोंडाने काही बोलत नसत. त्याचाच मला जास्त राग यायचा.

अशात माजलगावच्या एका शिक्षणसंस्थेचे सचिव दुकानात आले. संस्था दरवर्षी सातवीच्या मुलांची एक परीक्षा घ्यायची. त्यात निवडलेल्या मुलांचं दहावीपर्यंतचं शिक्षण आणि वसतिगृह फुकट. आसपासच्या तीन-चार तालुक्यांतली मुलं बसायची. निकाल संस्थेच्या कार्यालयात फळ्यावर लागायचा आणि तो बघायला टेंपो भरभरून माणसं यायची. मागच्या साली रेटारेटीत कार्यालयाचं दार चौकटीसकट आत आलं होतं. सचिव सरांनी कुठंतरी वाचलं होतं की आता निकाल इंटरनेटवर लागतात.

"करशील का?" सरांनी विचारलं.

"करते की," मी म्हणाले. मी तोवर एकही खरी वेबसाईट केलेली नव्हती.

सरांचं म्हणणं साधं होतं. निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी अकराच्या ठोक्याला. वेबसाईट नीट चालली तर संस्थेच्या तिन्ही शाळांतल्या कॉम्प्युटरचं काम आमच्या क्लासला. म्हणजे खोली आमची. नाही चालली, तर काय होईल ते सरांनी सांगितलं नाही. दाराच्या चौकटीची गोष्ट मात्र पुन्हा एकदा सांगितली.

वेबसाईट म्हणजे एक चौकट आणि एक बटण. चौकटीत नंबर टाकायचा, बटण दाबायचं, निकाल दिसायचा. सगळ्या मुलांचे गुण एका मोठ्या फाइलीत. कुणी बटण दाबलं की पुण्यातला भाड्याचा कॉम्प्युटर ती फाइल उघडायचा, नंबर शोधायचा, निकाल दाखवायचा आणि फाइल मिटायचा. मी एकटीने नंबर टाकला की निकाल तीन सेकंदांत यायचा. मला आभाळ ठेंगणं झालं.

पण एक माणूस आणि तीन तालुके यांत फरक असतो, एवढं मला कॉलेजात शिकवलं होतं. सगळ्यांनी एकदम दाबलं तर काय होतं, हे आधी करून बघावं लागतं. ते काम करणारे प्रोग्रामही तेव्हा होते, पण दुकानातल्या एसटीडी बूथची तार सोडली तर इंटरनेटला आमच्याकडे फोनची एकच तार, त्यातून एका वेळी जेमतेम एक पान सरकायचं. म्हणजे खरी माणसं हवी होती, आणि तीही वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या तारांवर बसलेली.

"लोकं मी जमवतो," आप्पा म्हणाले. "त्याचा जिम्मा माझा."

खरंच जमवली. आमचे सोयरे सगळे दुकानदार आणि सगळे बाजारपेठेतले, त्यामुळे प्रत्येकाच्या शेजारी कुठे ना कुठे इंटरनेटचा कॅफे निघालाच. केजला माझ्या थोरल्या बहिणीचं सासर. अंबाजोगाईला थोरले काका. परळीला आत्या. बीडला आप्पांचे मावसभाऊ. प्रत्येक ठिकाणी सहा-सात माणसं बसणार, रविवारी अकराला सुरुवात, आणि पंधरा मिनिटं नंबर टाकून दाबत राहायचं. कुठून किती दाबलं हे कळावं म्हणून मी प्रत्येक गावाला वेगळा पत्ता दिला होता, शेवटी गावाचं नाव लावून. सर्व्हर प्रत्येक दाबण्याची एक ओळ लिहून ठेवतो, किती वाजता, कुठला नंबर. आमच्या त्या ओळीत गावाचं नावही येणार होतं.

इथे माझी चूक सांगून टाकते. आप्पांनी विचारलं, "म्हंजी रविवारी नेमकं काय हाय?" तेव्हा मी घाईत होते. "वेबसाईटची परीक्षा हाय," एवढंच बोलले. सगळ्यांना फोन आप्पाच करणार होते. काय सांगणार, हे मी ऐकायलाही थांबले नाही.

रविवारी सचिव सर स्वतः येऊन बसले. आईने त्यांच्यासाठी चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. अकरा वाजले, आणि माझ्या पडद्यावर ओळी उतरायला लागल्या. केज. मग अंबाजोगाई. मग परळी. मग बीड. परत केज. कुठं गडबड नाही, कुठं अडखळणं नाही. प्रत्येक निकाल तीन सेकंदांत. पंधरा मिनिटं झाली तरी वेबसाईट हूं की चूं करेना.

"बघा सर, किती शिस्तीत चाललंय," मी म्हणाले. ती शिस्त सर्व्हरची आहे असं मला वाटत होतं.

सर खूश होऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी पत्ता छापलेली पत्रकं शाळाशाळांत वाटली. मी चार दिवस हवेत होते. क्लासच्या भिंतीला नवा रंग कुठला द्यावा, यावर मी आईशी चर्चासुद्धा केली.

पाचव्या दिवशी ताई माहेरपणाला आली. दुपारी आम्ही पापड वाळत घालत होतो, तेव्हा ती कौतुकाने म्हणाली, "आमी लई जपून दाबलं बग. तुझ्या वेबसाईटला जरा सुदिक धक्का लागू दिला न्हाई."

माझ्या हातातला पापड हातातच राहिला. "जपून म्हंजी?"

मग सगळं बाहेर आलं. आप्पांनी एकेकाला फोन करून सांगितलं होतं, 'पोरीची वेबसाईट हाय, हळू दाबा. समद्यांनी एकदम दाबली तर पडंल म्हणत्यात. एकाचं झाल्यावर दुसऱ्यानं दाबावं.' मग पहिला कोण, हा प्रश्न आलाच. पहिला मान व्याह्यांचा. ताईच्या सासऱ्यांनी टोपी नीट करून बटण दाबलं, त्यांचा निकाल आला, घरातल्या बाकीच्यांनी वयाप्रमाणे एकेकदा दाबलं, आणि मग ताईने बूथवरून अंबाजोगाईला फोन केला, 'आमचं झालं काका, आता तुमी घ्या.' काकांनी परळीला सांगितलं. आत्याने बीडला. पंधरा मिनिटांत पंचवीसेक माणसांनी मिळून जेवढं दाबलं, तेवढं दोन उडाणटप्पू पोरांनी मिनिटभरात दाबलं असतं.

माझा राग नाकावरच असतो. त्या दिवशी तो पार मस्तकापर्यंत गेला. मी तशीच पिठाच्या हातांनी दुकानात गेले. आप्पा कुणाला तरी शेंगदाणे मोजून देत होते. गिऱ्हाईक जायची वाट बघण्याइतकीही अक्कल मला राहिली नाही.

"आप्पा, तुमी माझी परीक्षा बुडवली."

"बुडवली? पास केली की."

"ती पडायसाठी घेतलती. पडती कवा ते बघायचं हुतं."

आप्पा गोंधळले. खरोखर गोंधळले. त्यांनी शेंगदाण्यांची पुडी गिऱ्हाइकाला दिली आणि माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "तू परीक्षा म्हणलीस. पोरीच्या परीक्षेत बापानं आडवं यायचं असतं का? आन् दुसऱ्याची चीज मुद्दाम पाडा, असं मी व्याह्यांना कोणत्या तोंडानं सांगू?"

मी म्हणाले, "आता सगळ्या तालुक्याम्होरं पडंल तवा कळंल." आणि दार आपटून आत गेले. दोन दिवस मी आप्पांशी बोलले नाही. ते माझ्याशी बोलले, नेहमीसारखेच, आणि त्याने माझा राग आणखी वाढला.

तिसऱ्या दिवशी मागच्या खोलीत ते नवा दोर बघत होते. दुकानातला मोठा तराजू आढ्याला टांगलेला असायचा आणि त्याचा दोर दर उन्हाळ्यात बदलायचा. आप्पांनी नवा दोर बांधला, त्याला दोन भरलेली पोती अडकवली, आणि वर स्वतः लोंबकळले. पन्नाशी उलटलेला, भस्म लावलेला माणूस दोराला झोके घेतोय. हे ते दरवर्षी करत, म्हणून कुणाला त्यात नवल वाटायचं नाही. मलाही त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं.

"आप्पा," मी दारातून म्हणाले, "हळू कावून लटकत न्हाई?"

"हळू लटकून काय कळंल? उद्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात..." आप्पा बोलता बोलता थांबले. मग दोर सोडून खाली उतरले, हात झाडले आणि पोत्यावर बसले.

"मग आता?" ते म्हणाले.

"आता परत परीक्षा. पण पाडायची म्हणून बसणारी माणसं पायजेत. आपल्यातलं कुणी न्हाई पाडायचं."

"आपल्यातलं न्हाई पाडायचं," आप्पा म्हणाले. "मन लावून पाडणारा माणूस गावात एकच हाय." आणि त्यांनी रस्त्याच्या पलीकडे बघितलं.

आमच्या समोरच दुसरं किराणा दुकान होतं. त्याच्या मालकाचं नाव आमच्या घरात सात वर्षं कुणी घेतलं नव्हतं. सगळे 'समोरचे' म्हणत. समोरच्यांनी एका उन्हाळ्यात दुकानाचं पत्र्याचं छप्पर दोन हात पुढे काढलं, आणि वेशीकडून येणाऱ्याला आमची पाटी दिसेनाशी झाली. शब्दाला शब्द झाला. त्याच साली त्यांच्या मुलीचं लग्न होतं. आप्पा गेले, पंगतीत बसले, आणि वाढप सुरू असताना कुणीतरी छपराचा विषय काढला, तसे भरल्या ताटावरून उठून चालू लागले. लेकीच्या लग्नात जेवता जेवता पाहुणा उठून जातो, याहून मोठी बेइज्जत आमच्याकडे नाही. त्या दिवसापासून दोन दुकानं एकमेकांकडे तोंड करून उभी होती आणि माणसं पाठ.

आप्पांनी टोपी घातली, धोतराचा सोगा नीट केला आणि रस्ता ओलांडला. रस्ता जेमतेम बारा पावलांचा. मी दुकानाच्या दारात उभी होते. आप्पा समोरच्यांच्या पायरीशी थांबले. वर चढले नाहीत. काय बोलले ते ऐकू आलं नाही. समोरच्यांनी गल्ल्यावरून मान वर केली, चष्मा काढला, परत घातला. मग ते हसले. मोठ्याने हसले. आप्पा खाली मान घालून उभे होते.

मला त्या क्षणी वाटलं, क्लास गेला खड्ड्यात. पोती येऊ देत पुढे. आप्पांना मी तिथे कशाला जाऊ दिलं?

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला समोरचे आमच्या दुकानात आले. सात वर्षांनी. आप्पांनी खुर्ची पुसली आणि स्वतः तराजूच्या मागे जाऊन उभे राहिले. समोरच्यांनी तयारी जोरात केली होती. बीडला जावई, गेवराईला पुतणे, माजलगावला मेव्हणा, आणि नांदूरघाटचा एक भाचा खास केजला जाऊन बसला होता. त्यांनी आमच्या बूथवरून एकेकाला फोन लावला, शेवटचा चालूच ठेवला.

"हां, दाबा बे. हात थांबू द्यायचा न्हाई. एक उघडंना तर दुसरं उघडा. आप्पाच्या पोरीची हाय, दयामाया नगं."

चौथ्या मिनिटाला माझ्या पडद्यावर पांढरं पान आलं आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ. मी परत नंबर टाकला. परत तीच ओळ.

"पडली?" समोरच्यांनी विचारलं.

"पडली," मी म्हणाले.

"पडली रे," ते फोनमध्ये म्हणाले. "बास करा. शाब्बास." मग खुर्चीत नीट रेलून बसले आणि म्हणाले, "आप्पा, चहा सांगा."

मला रडू आलं. मीच पाडायला बोलावलं होतं, तरी आलं. निकालाला आठ दिवस उरले होते, पत्रकं घरोघर पोचली होती, आणि माझी वेबसाईट वीस-पंचवीस माणसांना चार मिनिटं पुरली नव्हती. आप्पा तराजूच्या दांडीला हात लावून उभे होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

समोरच्यांनी चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे वळले. "रडायलीस कावून? आता मला सांग, आत काय चालतं नेमकं?"

मी नाक पुसत सांगितलं. बटण दाबलं की फाइल उघडायची, नंबर शोधायचा, दाखवायचा, फाइल मिटायची. प्रत्येकाला, प्रत्येक वेळी.

"एवढ्या माणसाला दर बारीला पोतं उघडायचं?" समोरच्यांनी कप खाली ठेवला. "बाजाराच्या दिवशी तुझा बाप साखर कशी इकतो?"

"पुड्या बांधून."

"पुड्या कवा बांधतो?"

"आदल्या दिवशी."

"मग?"

मी आप्पांकडे बघितलं. आप्पा समोरच्यांकडे बघत होते. आमच्या बाजाराच्या दिवशी सकाळी सकाळी पन्नास माणसं एकदम दुकानावर येतात. त्या वेळी कुणी पोतं सोडून तराजू धरत बसलं तर संध्याकाळ होईल. म्हणून आदल्या दिवशी सगळं घर बसून पाव किलोच्या, अर्ध्या किलोच्या पुड्या बांधतं. मीही लहानपणापासून बांधत आले होते. चार वर्षं कॉम्प्युटर शिकून ती गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. ती आली रस्त्यापलीकडून.

मग मी पुड्या बांधल्या. एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि प्रत्येक नंबराचं एकेक साधं पान आधीच तयार करून टाकलं. आता शोधणं नाही, फाइल उघडणं नाही. नंबर मागितला की पान उचलायचं आणि द्यायचं. पानं करायला एक तास लागला. ती फोनच्या तारेतून पुण्याला पाठवायला अडीच दिवस, कारण मधे मधे वीज जायची आणि तार तुटायची. एकदा निम्मी पानं पोचल्यावर आईने परळीला फोन लावायला चुकून तोच रिसीव्हर उचलला. त्या वेळी मी आईला काय बोलले ते लिहीत नाही.

तिसऱ्या परीक्षेला दोन्ही घरची माणसं बसली. आप्पांनी पुन्हा सगळ्यांना फोन केले. त्यांना फार जड गेलं, पण केले. "या बारीला जोरात दाबा. माझी शप्पत हाय. थांबायचं न्हाई, मान बगायचा न्हाई." ताईच्या सासऱ्यांनी साफ नकार दिला. दुसऱ्याच्या लेकराच्या कामावर असा हात आमच्यानं चालणार नाही, म्हणाले. बाकी सगळे तुटून पडले.

वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. समोरचे फोन बाजूला ठेवून स्वतः क्लासच्या कॉम्प्युटरवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलेला माउस बडवू लागले.

"पडंना की बे," ते वैतागून म्हणाले.

आप्पा तराजूमागे होते. ते गालातल्या गालात हसले, हे मी बघितलं. समोरच्यांनीही बघितलं. त्या दिवशीचा चहा आप्पांनी न सांगता मागवला.

निकालाच्या दिवशी सचिव सरांनी मला माजलगावच्या कार्यालयात बोलावून घेतलं. दार नवं होतं. अकरा वाजले. मी पडद्याला डोळे लावून बसले. ओळी यायला लागल्या, आणि मग अशा आल्या की वाचताच येईनात, नुसत्या वाहत होत्या. पडद्याला हात लावायची भीती वाटत होती. सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. एकही टेंपो आला नाही. बाराला सरांनी पेढे मागवले आणि तिन्ही शाळांच्या कामाचं पत्र टाइप करायला सांगितलं. मी ते पत्र चारदा वाचलं. जीपमध्ये बसल्यावर पाचव्यांदा.

घरी आले तेव्हा दुपार कलली होती. आप्पांनी पत्र हातात घेतलं, उलटं सुलटं केलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं.

"झालं मनासारखं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"बरं झालं, बाई," ते म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

मिरगाला दोन दिवस उरले होते आणि साखरेचा प्रश्न तसाच होता. क्लास पुढच्या खोलीत राहणार, मग पोती कुठं? त्या पावसाळ्यात आमची साखर आणि गहू समोरच्यांच्या गोदामात राहिले. कुणी कुणाला विचारलं, कधी विचारलं, मला माहीत नाही. एका सकाळी त्यांचे हमाल आले आणि पोती घेऊन गेले. छप्पर मात्र त्यांनी एक बोटभरही मागे घेतलं नाही.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी मी निवांत बसून आदल्या दिवसाच्या सगळ्या ओळी वाचायला घेतल्या. आमच्या क्लासच्या कॉम्प्युटरांवर परीक्षेच्या वेळचा पत्ता तसाच होता, शेवटी दिंद्रुडचं नाव लावलेला. आपल्या गावातून किती जणांनी बघितलं असेल, या हौसेने मी ते नाव शोधायला लागले. अकरा वाजता दिंद्रुड नाही. साडेअकराला नाही. बाराला नाही. मला वाटलं, क्लासची वीज गेली असणार. पहिली ओळ सापडली ती बारा वाजून चाळीस मिनिटांची.

मी दुकानात गेले. "आप्पा, काल सकाळी वीज गेलती का?"

"न्हाई."

"मग क्लासमधी कुणी आलंच नव्हतं?"

"आलते की. नवाला पन्नासेक माणूस हुतं. बाहेर ओट्यावर सुदिक."

"आन् निकाल?"

आप्पा रद्दीचा कागद कापत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "मी डब्यावरची कापडं काढलीच न्हाईत. म्हणलं, बाकीच्या गावांचं हुं द्या. आपलं मागून बगू. कुणी न्हाई म्हणलं न्हाई. तुझ्या आईनं चिवडा दिला समद्यांना."

"अहो पण तुमाला माहीत हुतं, आता पडत न्हाई. तुमच्याम्होरं तर बघितलं आपण. समोरच्या काकांनी बघितलं."

"तेबी बसलते की बाकड्यावर, नातीला घेऊन. त्यांनीच लोकांना सांगितलं, गप बसा, पोरीचं काम चालू हाय."

त्यांची नात त्या परीक्षेला बसली होती, हे मला तेव्हा कळलं. वेबसाईट पडत नाही याची खात्री गावात ज्या एका माणसाला सगळ्यात जास्त होती, तो माणूस अकरा वाजून गेल्यावरही दीड-पावणेदोन तास नातीचा निकाल न बघता आमच्या बाकड्यावर बसून राहिला होता. मी खाली मान घालून हातातल्या कागदावर उतरवून आणलेल्या ओळीकडे बघितलं. बारा चाळीसला उघडलेल्या नंबराचं नाव मी यादीत शोधून आणलं होतं. आडनाव त्यांचंच होतं. नात निवडली गेली होती.

"पैला नंबर त्यांच्या नातीचा उघडला?" मी विचारलं. "पन्नास माणसांत?"

आप्पांनी कागदाचा पुडा केला, त्यात साखर ओतली आणि दोरा गुंडाळायला घेतला.

"सात वर्षांमागं त्यांच्या पंगतीतून मी उठलतो," ते म्हणाले. "काल आपल्या घरी त्यांना आधी वाढलं."